लॅपटॉप बिघडलेलाच नव्हता



मांजरसुंब्याच्या चौकात उतरलो की आधी रबडी, मग काम, हा आमच्या घरातला जुना रिवाज. या खेपेला तो मोडला. एस.टी.तून उतरलो तर भाईजान मोटारसायकल घेऊन उभेच होते. सलाम झाला आणि पुढचेच वाक्य, "तू आधी घरी चल. ते डबडं बघ आणि सांग, विकायचं की फेकायचं."

डबडे म्हणजे आमच्या पुतणीचा लॅपटॉप. पोरगी बी.सी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. रोज घाट उतरून पालीवरून बीडला जाते आणि संध्याकाळी परत येते. वीसेक किलोमीटरचा रस्ता, पण गाडीची वाट पाहण्यात निम्मा दिवस जातो. कॉलेजच्या लॅबमध्ये एका संगणकावर दोघी-तिघी बसतात. म्हणून भाभींनी भिशीचा नंबर लागल्यावर ते सगळे पैसे घालून तिला सेकंडहँड लॅपटॉप घेऊन दिला. हेतू एवढाच, की सराव घरी व्हावा आणि पोरीला उशिरापर्यंत थांबावे लागू नये.

दोन महिन्यांत त्या लॅपटॉपने घर डोक्यावर घेतले होते. प्रॅक्टिकल परीक्षा नऊ दिवसांवर. जर्नलमधले प्रोग्रॅम गायब. भाईजान म्हणत होते, "दुकानदाराने फसवलं. पुन्हा पैसे घालणार नाही. आणि हे शिक्षणही आपल्याला झेपणारं नाही. पुढच्या वर्षी घरूनच बी.ए.चा फॉर्म भरू." पोरगी आतल्या खोलीत बसून होती. भाभींचे डोळे सांगत होते, की हा वाद पहिल्यांदा होत नाही.

वाचकांना ठाऊक आहे, आम्ही बीडला पुष्कळ वर्षे संगणकाचे वर्ग घेतले. त्या दोन संध्याकाळी जे पाहिले ते इथे सविस्तर लिहीत आहोत, कारण असे लॅपटॉप आज आपल्या पुष्कळ घरांत आहेत आणि असाच गैरसमजही. घरातले बोलणे दखनीत झाले, इथे मराठीत देतो.

पहिला प्रश्न आम्ही पुतणीला विचारला, "बेटा, अगदी सुरुवातीला काय झालं होतं?" ती म्हणाली, "चाचा, कॉलेजमधून पेन ड्राइव्हवर टर्बो सी आणलं. उघडलं तर आलं, ‘धिस ॲप कान्ट रन ऑन युवर पीसी’. अब्बांना सांगितलं की चालत नाही. अब्बा लॅपटॉप घेऊन दुकानात गेले."

इथेच पहिली गाठ होती. वापरणारी ती, आणि दुकानात बोलायला गेले भाईजान. पडद्यावर नेमके काय उमटले ते त्यांना माहीत नव्हते. त्यांनी सांगितले, "चालत नाही." दुकानातल्या पोराने ओळखले ते असे, की जुने सॉफ्टवेअर आहे, जुन्या पद्धतीची विंडोज टाकू. पाचशे रुपये घेतले, सगळे पुसले, ३२ बिटची विंडोज टाकली, वर फुकटात क्रॅक केलेले ऑफिस दिले. पुसताना पोरीचे जर्नल गेले. भाभींच्या मरहूम अम्मींचे फोटो त्यात होते, तेही गेले. घरी आल्यावर भाईजानांना दिसले, की आठ जीबी म्हणून घेतलेल्या लॅपटॉपमध्ये जेमतेम साडेतीन जीबी मेमरी वापरात दिसते. त्यांची खात्रीच झाली, की दुकानदाराने आतली मेमरी काढून घेतली.

मेमरी कुणी काढली नव्हती. ३२ बिटच्या विंडोजला साधारण चार जीबीच्या पुढची मेमरी वापरताच येत नाही. आठ जीबी बसवले तरी तिच्या हिशेबात साडेतीनच्या आसपासच येतात. हे आम्ही भाईजानांना दाखवले. लॅपटॉप सुरू होतानाच्या सेटिंगच्या पानावर, जिथे विंडोजचा संबंध येत नाही, तिथे पूर्ण आठ जीबी लिहिलेले होते. भाईजान बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे मी त्या पोराला चौकात उगीच बोललो."

आता टर्बो सी का चालले नाही ते सांगतो. टर्बो सी प्लस प्लस हे बोरलँड कंपनीचे सॉफ्टवेअर. पहिल्यांदा आले १९९० मध्ये. त्या काळी संगणक डॉसवर चालत आणि प्रोग्रॅम १६ बिटचे असत. आजची ६४ बिटची विंडोज १६ बिटचे प्रोग्रॅम चालवतच नाही. ही बिघाडाची गोष्ट नव्हे, तशी सोयच तिच्यात ठेवलेली नाही. पण आपल्याकडच्या कितीतरी महाविद्यालयांत शिकवणे अजून टर्बोवरच चालते. शिक्षकांच्या नोट्स त्याच्या, लॅबचे संगणक त्याला सरावलेले, परीक्षकही त्यावरच प्रोग्रॅम चालवून पाहतात. जर्नल तीस वर्षांपूर्वीच्या सॉफ्टवेअरवर आणि लॅपटॉप आजचा, या दोहोंच्या मध्ये आमची पोरगी अडकली होती.

दुकानातल्या पोराचा उपाय म्हणूनच अर्धा खरा होता. ३२ बिटच्या विंडोजवर टर्बो चालते. पण एका जुन्या प्रोग्रॅमसाठी निम्म्याहून जास्त मेमरीवर पाणी सोडायचे, डेटा पुसायचा आणि चोरीचे ऑफिस घ्यायचे, हा सौदा घाट्याचा. याला साधा मार्ग आहे. डॉसबॉक्स नावाचे मोफत सॉफ्टवेअर २००२ पासून मिळते. ते आजच्या संगणकात एक जुना डॉसचा संगणक उभा करते. टर्बोचे फोल्डर सी ड्राइव्हवर ठेवायचे, डॉसबॉक्स उघडून ‘माउंट’ हा आदेश द्यायचा, म्हणजे ते फोल्डर डॉसबॉक्सला स्वतःचा सी ड्राइव्ह म्हणून दिसते. मग आत ‘बिन’ फोल्डरमध्ये जाऊन ‘टीसी’ टाइप केले की तोच ओळखीचा निळा पडदा.

त्या रात्री इशानंतर आम्ही कामाला बसलो. बीडहून येताना पेन ड्राइव्हवर विंडोज घेऊन आलो होतो, कारण ती पाच जीबीपेक्षा मोठी आणि मांजरसुंब्यात मोबाइलचा रोजचा दीड जीबीचा पॅक. लॅपटॉप इंटेलच्या आठव्या पिढीचा निघाला, म्हणून विंडोज ११ चालण्यासारखी होती. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ पासून नेहमीचे मोफत आधार देणे थांबवले आहे. तेव्हा सेकंडहँड लॅपटॉप घेताना विंडोज ११ चालते का, हे आधी विचारून घ्यावे. आणखी एक गोष्ट. या लॅपटॉपची मूळ विंडोज अस्सल होती. तिचा परवाना त्या यंत्राशी जोडलेला असतो. त्याच प्रकारची विंडोज पुन्हा टाकून इंटरनेट जोडले की ती आपोआप अधिकृत होते, वेगळे पैसे लागत नाहीत. जे आपल्या हक्काचे होते ते पुसून भाईजानांनी पैसे देऊन नकली घेतले होते.

क्रॅकबद्दल दोन शब्द. हे क्रॅक चालवताना आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. म्हणजे घराचा दरवाजा उघडा ठेवून पाहुण्याला चेहरा झाकून आत घ्यायचे. अद्ययावत न ठेवलेल्या विंडोजचे काय होते ते १२ मे २०१७ ला जगाने पाहिले. वॉनाक्राय नावाचा व्हायरस एका दिवसात कितीतरी देशांत पसरला, संगणकांतल्या फायली कुलूपबंद करून पैसे मागू लागला. इंग्लंडमधली सरकारी रुग्णालये त्यात अडकली. त्यावरचा उपाय मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिलेला होता. ज्यांनी तो घेतला नाही ते सापडले.

आणि कबूलही करतो. आमच्या वर्गात सुरुवातीची काही वर्षे आम्हीही एकाच सीडीवरून सगळ्या संगणकांवर सॉफ्टवेअर टाकले. सगळे तेच करत होते, हे कारण पुरेसे वाटायचे. दुसऱ्याच्या मेहनतीचा माल विचारल्याशिवाय घेतला, तो डब्यात असो की डिस्कवर, आमानतीत खयानतच. हे समजायला आम्हाला वेळ लागला. पोरांना तेवढा वेळ लागू नये.

विद्यार्थ्याला चोरी करण्याची गरजही नाही. लिबरऑफिस मोफत आहे, २०१० पासून आहे, मराठी आणि उर्दू दोन्ही लिहिता येते. पायथॉन मोफत, जावा शिकण्यासाठीची साधने मोफत. सी भाषेचा जीसीसी कंपायलर १९८७ पासून मोफत आहे. ज्या विद्यापीठांनी विद्यार्थ्यांना स्वतःचा ई-मेल दिला आहे, त्यांपैकी पुष्कळांना त्या ई-मेलवर मायक्रोसॉफ्टचे ऑफिस वेब स्वरूपात फुकट वापरता येते. फक्त ध्यानात ठेवावे, की शिक्षण संपले की ते खाते बंद होऊ शकते. त्यातल्या फायली त्याआधी आपल्याकडे उतरवून घ्याव्यात.

आता आमची स्वतःची चूक. पुतणीला टर्बोच्या जोडीला आजचेही काही यावे, म्हणून आम्ही कोडब्लॉक्स टाकून दिले. उघडले तर ‘कंपायलर सापडत नाही’. पोरगी आमच्याकडे बघू लागली, भाईजानही. तासभर शोधल्यावर उमगले. कोडब्लॉक्सच्या पानावर दोन प्रकारच्या फायली असतात. एकीत नुसते लिहिण्याचे पान असते, दुसरीत कंपायलरही असतो. कंपायलर असलेल्या फाइलच्या नावात ‘मिंगडब्ल्यू’ असे लिहिलेले असते आणि ती मोठी असते. घाईत आम्ही लहान ती उतरवली होती. पुतणी हळूच म्हणाली, "चाचा, तुमचंही चुकतं?" त्यानंतर मात्र ती मोकळी झाली, कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

दुसऱ्या संध्याकाळी तिने एकेक तक्रार सांगितली. ती आम्ही वहीत उतरवली, कारण यांतल्या बहुतेक सगळ्यांच्या घरी भेटतात.

प्रोग्रॅम चालवायला ती कंट्रोल आणि एफ ९ दाबायची, तर सगळा पडदाच बंद व्हायचा आणि लिहिलेले जायचे. दोनदा असे झाल्यावर तिला वाटले लॅपटॉप खराब. खरे असे, की टर्बोत या कळांचा अर्थ ‘प्रोग्रॅम चालव’ आणि डॉसबॉक्समध्ये त्याच कळांचा अर्थ ‘बंद कर’. म्हणून चालवण्याआधी एफ २ दाबून सेव्ह करायचे आणि वरच्या ‘रन’ मेनूतून चालवायचे.

‘इन्क्लूड फाइल उघडता येत नाही’ असे आले, तर टर्बोच्या ऑप्शन्समध्ये डिरेक्टरीजचे पान असते. तिथे लिहिलेला पत्ता आणि आपले फोल्डर प्रत्यक्षात जिथे आहे तो पत्ता जुळत नाही. जुळवला की काम झाले.

टर्बोत चालणारे प्रोग्रॅम कोडब्लॉक्समध्ये चालेनात. कारण सी प्लस प्लसचे जागतिक प्रमाण १९९८ मध्ये ठरले आणि टर्बो त्याच्या आधीचे. ‘आयओस्ट्रीम’च्या पुढचे ‘डॉट एच’ आता लिहायचे नसते, ‘यूजिंग नेमस्पेस’ची ओळ लागते, आणि पडदा पुसणारा ‘सीएलआरएससीआर’ नव्या कंपायलरला ठाऊकच नाही.

सगळ्यात मजेची तक्रार शेवटची. फॅक्टोरियलचा प्रोग्रॅम. ७ चे उत्तर ५०४० बरोबर येते, ८ चे मात्र उणे २५२१६. तिने तीनदा तपासले, प्रोग्रॅम बरोबर. मग दोष लॅपटॉपचाच, नाही का? आम्ही तिला विचारले, "८ चं खरं उत्तर किती?" ती म्हणाली, "४०३२०." टर्बोत ‘इंट’ म्हणून ठेवलेली संख्या दोन बाइटची असते, ३२७६७ च्या पुढे मावत नाही. पुढे गेली की घड्याळाचा काटा फिरून मागे यावा तशी उण्यात जाते. ४०३२० मधून ६५५३६ वजा करून पाहा, उत्तर तेच येते. तिने वहीवर वजाबाकी केली आणि हसली. तोच प्रोग्रॅम कोडब्लॉक्समध्ये चालवला तर ४०३२० आले, कारण तिथे ‘इंट’ चार बाइटची. तिथेही आकडा फार मोठा झाला की हेच होते. १३ चे फॅक्टोरियल करून बघ, म्हणून आम्ही तो गृहपाठ देऊन ठेवला.

वडीलधाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी. पोरीने जी ‘खराबी’ म्हणून सांगितली होती, त्यात तिचा पुढचा धडा होता. लॅपटॉप परत करून टाकला असता तर तो धडाही गेला असता.

आता प्रश्न उरतो, की अडल्यावर विचारायचे कुणाला. मोठ्या विद्यापीठांत यासाठी वेगळा मदत कक्ष असतो. अमेरिकेत एम.आय.टी.ने १९८३ मध्ये ‘प्रोजेक्ट अथेना’ सुरू केला. संगणक केवळ शास्त्रज्ञांच्या खोलीत न ठेवता सगळ्या विद्यार्थ्यांच्या अभ्यासात आणायचा आणि तो चालता ठेवण्याची जबाबदारी संस्थेने घ्यायची, हा त्यामागचा विचार. मराठवाड्याचे आपले विद्यापीठ २३ ऑगस्ट १९५८ ला स्थापन झाले, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव घेऊन उभे आहे. त्याची मुले छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड, धाराशिव अशा चार जिल्ह्यांत पसरलेली. घाटावरच्या गावात रात्री नऊ वाजता अडलेल्या मुलीजवळ कुणी कक्ष येऊन बसणार नाही. म्हणून जे हाताशी आहे ते ओळखून ठेवावे.

आय.आय.टी. मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ नावाचा प्रकल्प आहे, केंद्र सरकारच्या पैशावर उभा राहिलेला. साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे, पडद्यावर जे करायचे ते दिसते आणि आवाज मराठीत. सी आणि सी प्लस प्लस, पायथॉन, लिबरऑफिस, लिनक्स, सगळे आहे, मोफत आहे. इंग्रजीत शिकवलेले डोक्यावरून गेले तर रात्री तोच विषय आपल्या भाषेत ऐकता येतो. एकदा उतरवून ठेवला की वीज नसली तरी बॅटरीवर चालतो. पुतणीने दोन धडे पाहिले, भाभी शेजारी बसून ऐकत होत्या. म्हणाल्या, "हे तर मलाही कळतंय."

दुसरी मदत आपल्याच कॉलेजच्या लॅबमधले सहायक. सॉफ्टवेअर त्यांच्याकडूनच घ्यावे, म्हणजे आवृत्ती तीच मिळते जी परीक्षेला असते. प्रवेश घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात विचारावे, की कोणते सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती आणि परीक्षा कशावर.

एका मदतीपासून मात्र लांब राहावे. इंटरनेटवर ‘कस्टमर केअर’ म्हणून शोधले की भलतेच नंबर सापडतात. पलीकडचा माणूस गोड बोलून सांगतो, की एक ॲप टाका, मी इथून दुरुस्त करतो. त्या ॲपने तो तुमचा पडदा बघतो आणि चालवतो, मग बँकेचे खाते रिकामे होते. अनोळखी माणसाला असे आत घेऊ नये. घात झालाच तर क्षणाचाही वेळ न दवडता १९३० या नंबरवर फोन करावा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवण्याची शक्यता जास्त.

निघण्याआधी आम्ही एक साधी वही भाईजानांच्या हाती दिली. नियम चारच. अडचण आली की पडद्यावरची अक्षरे जशीच्या तशी वहीत लिहायची किंवा मोबाइलने फोटो काढायचा. त्याआधी नवीन काय टाकले वा बदलले तेही लिहायचे. एका वेळी एकच उपाय करायचा, लागू पडला नाही तर मागे घ्यायचा. आणि दर जुम्म्याला सगळा अभ्यास पेन ड्राइव्हवर उतरवायचा, महत्त्वाचे ते स्वतःच्या ई-मेलवरही. पेन ड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत ठेवायचा नाही, कपाटात ठेवायचा. एक हरवले तर दुसरे राहते.

पाचवी गोष्ट नियम म्हणून नाही, धाकट्या भावाची विनंती म्हणून सांगितली. "भाईजान, दुकानात जायचं झालं तर पोरीला सोबत न्या आणि बोलू तिला द्या. तुम्ही शेजारी उभे राहा."

भाईजान काही बोलले नाहीत. पण चौकात सोडायला आले तेव्हा स्वतःहून हॉटेलात शिरले आणि दोन रबड्या मागवल्या. म्हणाले, "त्या दुकानातल्या पोराची माफी मागून येतो उद्या. आणि बी.ए.चा फॉर्म राहू दे."

परीक्षा होऊन गेली. सगळे जर्नल पुतणीने नऊ दिवसांत पुन्हा लिहून काढले. अम्मींचे फोटो काही परत मिळाले नाहीत. नातलगांच्या मोबाइलमधून तीन-चार गोळा झाले, तेवढ्यावर भाभींनी समाधान मानले. गेल्या आठवड्यात फोन आला. नेकनूरच्या दोन मैत्रिणी लॅपटॉप घेऊन घरी आल्या होत्या, तोच ‘कान्ट रन’चा निरोप घेऊन. पुतणीने त्यांना डॉसबॉक्स टाकून दिले. एकीचे ६४ बिट, एकीचे ३२, हे तिने आधी तपासले होते.

"आणि १३ चं फॅक्टोरियल?" आम्ही विचारले.

"चुकीचं येतंय चाचा," ती म्हणाली, "पण लॅपटॉप ठीक आहे."

पुढच्या अंकात भेटूच, इन्शाअल्लाह.